जयाजीराव महाराज आणि गंगाजळी

परकीय चलनाच्या गंगाजळीत वाढ झाली किंवा घट झाली, अशी बातमी मराठी वर्तमानपत्रांत वरचेवर येते. हा शब्द वाचला की आम्हा ग्वाल्हेरकरांच्या डोळ्यांपुढे आधी आपला किल्ला येतो आणि मग रिझर्व्ह बँक. शिंदे सरकारच्या राखीव खजिन्याचे नावच गंगाजळी होते. देवघरातली गंगेची बंद लोटी जशी अगदी निकडीच्या वेळीच फोडायची, तसा हा पैसा लढाई किंवा दुष्काळ आला तरच काढायचा. या खजिन्याचे सर्वांत मोठे चढउतार ज्यांच्या कारकिर्दीत झाले, ते श्रीमंत जयाजीराव शिंदे. नई सडकेवरून बाड्यावर जाताना आपण ज्या जयाजी चौकाचे नाव घेतो, तो त्यांच्याच नावाचा.

१८४३ साली जनकोजीराव महाराज निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी भगीरथ नावाचा एक लहान मुलगा दत्तक घेतला. तेच जयाजीराव. दरबारात लगेच तंटे सुरू झाले आणि इंग्रजांना निमित्त मिळाले. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. शिंद्यांची फौज शौर्याने लढली, पण हरली. पुढच्याच महिन्यात तह झाला. राज्याची फौज ९,००० पर्यंत आणली गेली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट मात्र वाढवली गेली आणि तिच्या खर्चासाठी १८ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून घेतला गेला. ज्याच्या हाती फौजेचा पगार, त्याच्या हाती राज्य, हे या तहातून चांगले कळते.

त्या काळी ग्वाल्हेरची टाकसाळ स्वतःचे रुपये पाडीत असे. राज्य शिंद्यांचे, वचक इंग्रजांचा आणि रुपयावर नाव दिल्लीच्या मोगल बादशहाचे! बादशहाची सत्ता केव्हाच सरली होती, पण बाजाराला ओळख जुन्या छापाची होती. नाणे चालते ते लोकांच्या विश्वासावर, हे टाकसाळीला ठाऊक होते.

१८५२ मध्ये दिवाणगिरी दिनकरराव राजवाडे यांच्याकडे आली. हे मूळचे देवरुखचे. त्यांनी महसूल मक्त्याने देण्याची पद्धत मोडली आणि हिशेबाला शिस्त लावली. राज्याची घडी बसते न बसते तोच १८५७ साल उजाडले. जूनमध्ये मुरारची कंटिंजंट बिथरली. वर्षभराने रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीच्या राणीसाहेब ग्वाल्हेरवर आल्या. १ जून १८५८ रोजी महाराज त्यांच्यावर चालून गेले, पण त्यांचीच बरीचशी फौज पलीकडे मिळाली आणि महाराजांना आग्र्यास निघून जावे लागले.

आता खजिना कोणाचा? गादीवरच्या धन्याचा, की शहरात आलेल्या पेशव्यांचा? हा प्रश्न खजिनदार अमरचंद बांठिया यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी खजिना पेशव्यांच्या फौजेसाठी खुला केला आणि शिपायांना पगार मिळाले. जून संपण्याआधीच राणीसाहेब धारातीर्थी पडल्या, ग्वाल्हेर इंग्रजांनी परत घेतले, महाराज पुन्हा गादीवर बसले आणि अमरचंदांना सराफ्यात भर बाजारात फाशी दिले गेले. जयाजीरावांनी इंग्रजांची बाजू घेतली याबद्दल आपल्या घराघरांतून आजही दोन मते ऐकू येतात. येथे आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे, की खजिन्याची किल्ली सांभाळणाऱ्याला कधीकधी जिवाचे मोल द्यावे लागते.

त्यानंतर किल्ल्यावर इंग्रजी फौज बसली, ती १८८६ पर्यंत. या काळात महाराजांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. एकीकडे पैसा कामाला लावला. १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी जवळजवळ तेवढीच रक्कम दिली. १८७४ मध्ये जयविलास उभा राहिला. दुसरीकडे चांदीचे रुपये साठत गेले आणि त्यांच्या जागा फक्त महाराजांनाच माहीत असत, असे सांगतात. स्वतःच्या फौजेचा आणि परक्या सत्तेचा अनुभव घेतलेल्या राजाने पैसा दडवावा, यात नवल नाही.

पण दडवलेल्या पैशालाही कीड लागते. १८७३ पासून जगात चांदीचे भाव उतरू लागले. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. लंडन, बर्लिन येथले निर्णय तळघरातल्या रुपयाची किंमत कुरतडत होते आणि तळघराला त्याची खबर नव्हती.

मार्च १८८६ मध्ये झाशी देऊन किल्ला परत मिळाला. आयुष्याची ही एक इच्छा पुरी झाली आणि २० जून १८८६ रोजी महाराज वारले. गादीवर आले नऊ वर्षांचे माधवराव. दुसऱ्याच वर्षी या साठ्यातून साडेतीन कोटी रुपये हिंदुस्थान सरकारला कर्जाऊ दिले गेले. बापाने जपलेला पैसा मुलाला कळण्याआधीच सरकारच्या हाती गेला. १८९३ मध्ये सरकारने आपल्या टाकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. त्यानंतर संस्थानांचे रुपये मागे पडत गेले. ग्वाल्हेरलाही चांदीचा रुपया सोडावा लागला आणि स्वतःचे म्हणून तांब्याचे पैसे तेवढे उरले.

विद्यार्थी मित्रांनो, गंगाजळी आजही आहे. फरक इतकाच की ती एका माणसाच्या लक्षात राहात नाही. १९३५ मध्ये स्थापन झालेली रिझर्व्ह बँक तिचा आकडा दर आठवड्याला जाहीर करते आणि तो कोणालाही वाचता येतो. जयाजीरावांकडे पैसा भरपूर होता, पण ज्याच्या भरवशावर तो ठेवावा अशी संस्था नव्हती. तशी संस्था आपल्याकडे आहे आणि ती सांभाळणे हे आपले काम आहे. पुढच्या वेळी सराफ्यातून जाल तेव्हा अमरचंदांच्या स्मारकापाशी घटकाभर जरूर थांबा.