दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर
दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी, १९०५, डहाणू - १९८६) हे मराठी गणितज्ञ होते. १९२९ साली पदवी घेऊन ते देवळाली येथे शाळाशिक्षक झाले.

१९४९ साली त्यांना ६१७४ हा स्थिरांक सापडला. सर्व अंक समान नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास आधी शून्य लिहावे. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ मिळते व पुढे तेच येत राहते. उदा. ३५२४ पासून अनुक्रमे ३०८७, ८३५२, ६१७४.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या कापरेकरांचे संशोधन दीर्घकाळ उपेक्षित राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर ते जगभर परिचित झाले. ही पुनरावर्ती क्रिया आज संगणक प्रोग्रॅमिंगच्या सरावातही वापरली जाते.