कॅप्टन कोरमची सतरा वर्षं

इंजिनिअर म्हटलं की आपल्याला विश्वेश्वरय्या आठवतात, धरणं आठवतात, मोठमोठे पूल आठवतात. मी ज्याच्याबद्दल लिहितेय त्याने यातलं काहीच बांधलं नाही. तो जहाजं बांधायचा. डिग्री सोडाच, शाळाही त्याला जेमतेमच मिळाली. पण लंडनसारख्या अवाढव्य शहरात त्याने जे उभं केलं, ते मला एखाद्या धरणापेक्षा कमी वाटत नाही. त्याचं नाव थॉमस कोरम.

कोरमचा जन्म साधारण १६६८ सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस गावातला. आई तो लहान असतानाच गेली. अकराव्या वर्षी पोरगा जहाजावर चढला. पुढे जहाजबांधणी शिकला आणि १६९४ च्या सुमाराला अमेरिकेत जाऊन मॅसॅच्युसेट्समध्ये जहाजं बांधायला लागला. तिथेच १७०० साली युनिस वेट या बॉस्टनच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. स्वभावाने एकदम तापट आणि बोलायला फटकळ. आजूबाजूच्या लोकांशी त्याची इतकी भांडणं झाली, की शेवटी गाशा गुंडाळून तो इंग्लंडला परत आला.

लंडनला तो थेम्स नदीकाठच्या रॉदरहाइथ भागात राहायचा. पहाटे कामासाठी शहरात जायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. या येण्याजाण्यात त्याला रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली तान्ही मुलं दिसायची. काही जिवंत, काही शेवटच्या घटका मोजणारी, काही मेलेली. ही मुलं बहुतेक करून गरीब मोलकरणींची, फसवल्या गेलेल्या मुलींची. मूल झालं की नोकरी जायची, डोक्यावरचं छप्पर जायचं. फ्लॉरेन्समध्ये अशा मुलांसाठी १४४५ पासून घर होतं, पॅरिसमध्येही होतं. लंडनमध्ये नव्हतं.

आता मला यातली महत्त्वाची गोष्ट सांगायचीय. त्या रस्त्याने जाणारा कोरम काही एकटा नव्हता. रोज हजारो लोक जात असतील. त्यांनाही वाईट वाटत असेल, कुणी नाणंही टाकत असेल. कोरमने मात्र हे काम अंगावर घेतलं. त्याने विचार केला की एकेका बाळाने हे सुटणार नाही, कायमची व्यवस्था पाहिजे, आणि त्यासाठी राजाची सनद पाहिजे.

१७२२ च्या सुमाराला त्याने सुरुवात केली. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. ओळखीपाळखी नाहीत, बोलण्यात गोडवा नाही. सरदार, धर्मगुरू, दरबारी, ज्याच्याकडे जावं तो नकार द्यायचा. म्हणणं काय, तर अशी सोय केली की लोकांच्या अनीतीला उत्तेजन मिळेल. म्हणजे चूक कुणाची का असेना, शिक्षा आठ दिवसांच्या बाळाला!

मग कोरमने दिशा बदलली आणि तो बायकांकडे गेला. १७२९ मध्ये डचेस ऑफ सॉमरसेटने त्याच्या अर्जावर पहिली सही केली. एकामागून एक अशा २१ मानाच्या घरंदाज बायकांच्या सह्या झाल्या. त्यांनी सह्या केल्यावर हा विषय प्रतिष्ठित झाला आणि मग पुरुषांच्याही सह्या मिळायला लागल्या. १७ ऑक्टोबर १७३९ ला दुसऱ्या जॉर्ज राजाने सनद दिली. सतरा वर्षं! आपण एका प्रोजेक्टच्या सहीसाठी गाइडच्या केबिनबाहेर तीन दिवस थांबलो तरी वैतागतो. (सनदेतल्या ३७५ गव्हर्नरांमध्ये एकही बाई नव्हती, हेही जाता जाता सांगते.)

२५ मार्च १७४१ च्या रात्री फाउंडलिंग हॉस्पिटलचं दार उघडलं. हॉस्पिटल म्हणजे इथे दवाखाना नाही, आसरा. आईला नाव विचारायचं नाही हा नियम होता. चेहरा दिसू नये म्हणून दारातले दिवेही मालवले होते. त्या रात्री ३० बाळं घेतली आणि जागा संपली. पहिल्या बारशाच्या वेळी एका मुलाचं नाव थॉमस कोरम ठेवलं आणि एका मुलीचं युनिस कोरम. कोरम नवराबायकोला स्वतःचं मूल नव्हतं, आणि युनिस तर हे बघायला राहिलीच नाही, ती आदल्याच वर्षी वारली होती.

पिशवीतून पांढरे, काळे, तांबडे चेंडू काढायची प्रॉबॅबिलिटीची गणितं आपण सगळ्यांनी सोडवली आहेत. १७४२ पासून तिथे खरोखरच तशी पिशवी होती. जागा कमी, आया जास्त, म्हणून प्रत्येक आईने हात घालायचा. पांढरा चेंडू आला तर बाळ आत. काळा आला तर परत जा. तांबडा आला तर थांबा, पांढऱ्यापैकी एखादं बाळ तपासणीत नापास झालं तर नंबर लागेल. हे वाचल्यापासून ती गणितं मला पूर्वीसारखी सोडवता येत नाहीत.

बाळ ठेवताना आया ओळख म्हणून कापडाचा तुकडा, बटण, अर्धं नाणं ठेवायच्या, म्हणजे पुढेमागे न्यायला आलं तर खूण पटेल. अशी कापडं पाच हजारांच्या वर अजून जपून ठेवलेली आहेत. परत न्यायला येऊ शकलेल्या आया मात्र फारच थोड्या.

कोरमचं पुढे काय झालं? १७४२ मध्येच त्याला कारभारी मंडळातून वगळण्यात आलं. त्याच्या फटकळपणाला साजेसंच कारण, दोघा गव्हर्नरांवर टीका केली म्हणून. पण तो मुलांना भेटत राहिला, वीसपेक्षा जास्त मुलांचा धर्मपिता झाला. म्हातारपणी हातात पैसा उरला नाही, मित्रांनी वर्गणी काढून पेन्शन दिलं. १७५१ मध्ये तो गेला आणि हॉस्पिटलच्याच चॅपलमध्ये त्याला पुरलं. कॉन्व्हेंटच्या ख्रिसमस कॉन्सर्टला आम्ही ज्यातलं गाणं गायचो, त्या हँडेलच्या मसायाचे कार्यक्रम याच चॅपलसाठी पैसे उभे करायला व्हायचे, हे मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं.

त्याच्यामागे एक भयंकर गोष्टही घडली, ती लपवणं बरोबर नाही. १७५६ मध्ये पार्लमेंटने पैसे दिले आणि अट घातली की येईल ते प्रत्येक बाळ घ्यायचं. ऐकायला किती छान! पहिल्याच दिवशी ११७ बाळं आली. १७६० पर्यंत जवळजवळ १५,००० आली. दूध पाजणाऱ्या दाया तेवढ्या नव्हत्या, लांबून आणलेली मुलं वाटेतच दगावायची. त्यातली साधारण ४,४०० च मोठी होऊन कामधंद्याला लागली. म्हणजे नुसती दया पुरत नाही, नुसता पैसाही पुरत नाही. कपॅसिटी बघावी लागते, हात मोजावे लागतात.

ती संस्था आजही कोरम याच नावाने मुलांसाठी काम करते. तिच्या जुन्या जागेवर १९३६ पासून मुलांचं मैदान आहे, आणि तिथे बरोबर लहान मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत!

आपल्याही कॉलेजच्या वाटेवर स्टेशन आहे, सिग्नल आहे आणि तिथे मुलं आहेत. सतरा वर्षं कुणी मागत नाहीये. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फुकट लागतो, चोवीस तास. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, पुढचं पान मग उलटा.