फादर स्टीफन्स आणि वेदीवरची भाकर

ज्यांचे मुलगे-पुतणे दुबई-अबुधाबीकडे नोकरीस आहेत, त्यांनी कदाचित ही बातमी ऐकली असेल. २०२२ साली अमिरातींतील उम्म अल कुवैनजवळच्या सिनिया बेटावर वाळूखालून एक प्राचीन ख्रिस्ती मठ निघाला. प्रार्थनेची जागा, बाप्तिस्म्याचे कुंड, खोल्या आणि एक भट्टी. संशोधकांच्या मते त्या भट्टीत उपासनेची भाकर भाजत असावेत. पाण्याने वेढलेल्या त्या रेताड जागी गहू तरी बाहेरूनच आणावा लागत असेल. एवढा खटाटोप एका भाकरीसाठी का, असा प्रश्न आमच्या मनात आला, आणि त्याचबरोबर एका माणसाची आठवण झाली. त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर, गोव्यात, त्याने आपल्या मराठीत हीच गोष्ट सांगितली. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

आधी भाकरीविषयी थोडे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्ताने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून दिली, द्राक्षरसाचा पेला दिला, हे आपले शरीर व रक्त आहे असे सांगितले आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत जा अशी आज्ञा केली. मिस्सा म्हणजे त्या आज्ञेचे पालन. आपण नैवेद्य दाखवतो, प्रसाद घेतो. त्यावरून हे ओळखीचे वाटते. पण साम्य तिथेच थांबते. कॅथोलिक श्रद्धेप्रमाणे रंग, रूप, चव भाकरीचीच राहते, परंतु वेदीवर ती प्रत्यक्ष ख्रिस्त होते. म्हणून तिच्यापुढे गुडघे टेकतात, उरलेली पेटीत जपून ठेवतात, जवळ दिवा तेवता ठेवतात, आणि मरणोन्मुख माणसाच्या ओठांशी तीच नेतात. म्हणूनच ती सर्वांना वाटत नाहीत. क्रिओल शेजाऱ्याच्या लग्नाला किंवा अंत्यविधीला आपण जातो, रांग वेदीकडे सरकते, आणि आपण बाकावरच बसून राहतो. त्यात कोणी अपमान मानू नये.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर १५५९ साली कायद्याने नवी उपासनापद्धती लागू झाली आणि जुनी मिस्सा बंद झाली. ज्यांची तिच्यावर श्रद्धा होती त्यांना ती दारे लावून, पहारा ठेवून ऐकावी लागे. दंड होत, तुरुंग होत. पुढे १५८५ मध्ये तर परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने देशात राहणे हाच राजद्रोह ठरला. तरुण स्टीफन्स आपला श्रीमंत मित्र थॉमस पाउंड याचा नोकर असल्याचे सोंग घेऊन त्याच्याबरोबर वावरत असे. दोघे मिळून रोमला जाणार होते. पाउंड पकडला गेला आणि आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे त्याने कैदेत काढली. स्टीफन्स एकटाच निसटला व १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाला.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गलबत सुटले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्या प्रवासाचे वर्णन त्याने वडिलांना पत्राने कळवले. मादागास्करच्या आतून जाणारी वाट कोणती, बाहेरून जाणारी कोणती, हे त्यात आहे. आपले बेट त्या बाहेरच्या वाटेच्या बाजूला आहे, म्हणून आम्हांला ते पत्र विशेष वाटते. तो पुन्हा मायदेशी गेला नाही. मात्र १५८३ साली न्यूबेरी, फिच आदी इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगीजांनी होर्मुझला, म्हणजे आजच्या अमिरातींच्या समोरच, पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी हाच फादर धावला. 

त्याचे बहुतेक आयुष्य दक्षिण गोव्यातील सासष्टीत गेले. येथे आम्हांला थोडे अडखळावे लागते. सासष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच पाद्र्यांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रुडॉल्फ आक्वाविवाही होता. पुढे कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. आपल्या उपासनेवर बंदी आली म्हणून ज्याने देश सोडला, तो दुसऱ्यांच्या उपासनेवर बंदी घालणाऱ्या राज्यात काम करीत होता. ही विसंगती त्याला जाणवली असेल काय, हे आम्ही सांगू शकत नाही. चरित्र सांगताना ती झाकून ठेवणे मात्र आम्हांला बरे वाटत नाही.

आणि तरीही या माणसाने आपली भाषा मनापासून शिकली. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण लॅटिन व ग्रीकसारखी असल्याचे त्याने नोंदवले. युरोपातल्या पंडितांना ते कळायला आणखी दोनशे वर्षे लागली. कोकणीचे पहिले व्याकरण त्याचेच, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले.

अडचण अशी होती की वेदीवरची मिस्सा लॅटिनमध्ये. सासष्टीच्या शेतकऱ्याने गुडघे टेकायचे, घंटा वाजली की मान लववायची, भाकर जिभेवर घ्यायची. शब्द एकही कळत नसे. रोमच्या नियमापुढे फादरचा इलाज नव्हता. त्याच्या पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. एक ब्राह्मण ख्रिस्ती होऊनही बेचैन आहे. जुनी पुराणे बंद केलीत, मग आम्ही वाचावे काय, असे तो पाद्रीगुरूला विचारतो. जे वेदीवर करता येत नव्हते ते फादरने वेदीबाहेर केले. त्याने ओवीत पुराण लिहिले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, आणि त्यातच त्या शेवटच्या भोजनाची रात्र. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. ज्या छंदात ज्ञानोबा-एकनाथ ऐकले जात, त्याच छंदात आता शेतकऱ्याला समजले की आपल्या जिभेवर काय ठेवले जाते.

१६१६ साली सासष्टीतल्या रायतूर म्हणजे राशोल येथे ते छापले गेले, पण रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे तयार करण्याची परवानगी त्याने १६०८ मध्ये रोमकडे मागितली होती. ते काम त्याच्या हयातीत झाले नाही. १६१९ साली तो गोव्यातच वारला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला, तरी पुराणाच्या हस्तलिखित प्रती घराघरांतून उतरवल्या जात राहिल्या. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ मध्ये देवनागरीत आले.

भाकरीचा आणखी एक धागा राहिला. गोव्याचे जेवण भाताचे. गव्हाचा पाव करायला सासष्टीच्या लोकांना पाद्र्यांनी शिकवले, खमिराऐवजी ताडामाडाची सूर घालून, असे गोव्यात सांगतात. पाव हा शब्दही पोर्तुगीजच. मिस्सेची भाकर मात्र बिनखमिराची, पातळ.

मिस्सा लोकभाषेत करण्याची मोकळीक १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिळाली. मग वसईच्या देवळांत ती मराठीत, गोव्यात कोकणीत होऊ लागली. त्याच सुमारास अरबी किनाऱ्यावरही देवळे उभी राहिली : अबुधाबीला १९६५ मध्ये, दुबईला १९६७ मध्ये, तेथील शेखांनी दिलेल्या जमिनीवर. गोवा-मंगळूरकडचे कामगार, परिचारिका, कारकून तिथे जमू लागले. रविवार कामाचा वार असल्यामुळे २०२२ पर्यंत त्यांची मोठी गर्दी शुक्रवारीच होई. दुबईच्या सेंट मेरी देवळात इतर भाषांबरोबर कोकणीतही मिस्सा होते, आणि सासष्टीतून आलेला माणूस भाकर घेण्यापूर्वीचे शब्द आपल्या भाषेत ऐकतो.