शोएबुल्ला खान : एक निर्भय संपादक



१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपल्या शाळेतील अनेक घरांचे मूळ मराठवाड्यात आहे, त्यामुळे हा दिवस आपलाही आहे. त्या लढ्यात आपल्या नल्लकुंट्याजवळच्या काचीगुड्यात एका तरुण संपादकाने प्राण दिले. त्यांचे नाव शोएबुल्ला खान.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९२० रोजी वरंगळ जिल्ह्यात झाला. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर असूनही त्यांनी सरकारी नोकरीची वाट धरली नाही. ते मंदुमुल नरसिंगराव यांच्या 'रय्यत' या उर्दू पत्रात काम करू लागले. निजाम सरकारने 'रय्यत' बंद पाडले. तेव्हा बूर्गुल रामकृष्णराव यांच्या साहाय्याने नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी 'इमरोज' हे दैनिक काढले. इमरोज म्हणजे आज.

देश स्वतंत्र झाला होता, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते. रझाकारांच्या अत्याचारांनी खेडोपाडी लोक भयभीत होते. शोएबुल्ला त्याविरुद्ध निर्भीडपणे लिहीत. धमक्या आल्या, तरी लेखणी थांबली नाही.

ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम नागरिकांनी स्वतःच्या नावानिशी एक निवेदन काढले. संस्थानाने भारतात सामील व्हावे, अशी त्यांची मागणी होती. त्यांतील फरीद मिर्झा हे नांदेड जिल्ह्यात तहसीलदार होते; अत्याचार पाहून त्यांनी नोकरी सोडली होती. त्या दिवसांत अशा कागदावर सही करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते. 'इमरोज'ने हे निवेदन छापले. अन्यायाला विरोध करणारी माणसे सर्व समाजांत आहेत, हे घाबरलेल्या वाचकांना कळले. अंधारात दिवा दिसावा तशी ती बातमी होती.

२१ ऑगस्टच्या रात्री कार्यालयातून घरी जाताना शोएबुल्लांवर हल्ला झाला. गोळ्या झाडून मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. सोबतचे मेहुणे इस्माईल खान त्यांना वाचवताना जखमी झाले. २२ ऑगस्टच्या पहाटे शोएबुल्लांनी प्राण सोडले. वय अवघे २७ वर्षे. पुढे २६ दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली.

मित्रांनो, वर्तमानपत्र उघडले की भांडणे, अपघात, चोऱ्या हेच आधी दिसते आणि मन खिन्न होते. पण त्याच पानावर कोठेतरी कोपऱ्यात बुडत्याला वाचवणाऱ्याची किंवा सापडलेले पैसे परत करणाऱ्याची बातमी असते. ती शोधून वाचा, घरी आई-वडिलांना वाचून दाखवा. पालकांनीही ती आवर्जून ऐकावी.

चांगले काम करणारा धाडस करतो आणि त्याची खरी बातमी देणाराही धाडस करतो. काचीगुड्यातून जाताना एवढे अवश्य आठवा.

आपले,
प्राचार्य