आधी विहीर, मग घर, आणि पै-पैचा हिशेब: भूकंपानंतरचे राजेंद्रबाबू

डॉ. राजेंद्र प्रसाद म्हणलं की शाळेच्या भिंतीवरचा फोटो डोळ्यापुढे येतो. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, देशाचे पहिले राष्ट्रपती. परीक्षेत एका मार्काचा प्रश्न, बस एवढीच आपली ओळख. पण राष्ट्रपती व्हायच्या १६ वर्षं आधी या माणसाने एक काम केलं, ते आपल्या भागातल्या वाचकाला लवकर कळेल. किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला किंवा घरातल्या मोठ्यांकडून ऐकला, त्यांना तर जास्तच.

१५ जानेवारी १९३४. संक्रांतीचे दिवस. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला बिहार आणि नेपाळची जमीन हलली. तीव्रता ८ च्या आसपास. केंद्र पूर्व नेपाळात, एव्हरेस्टच्या दक्षिणेला. बिहारमधलं मुंगेर शहर ढिगारा झालं. मुजफ्फरपूर, दरभंगा, मोतिहारी, सीतामढी, सगळीकडे पडझड. बिहारमध्ये सात हजाराच्या वर माणसं गेली, नेपाळ धरून आकडा दहा हजाराच्या पुढे जातो.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली झोपेतच गेली. बिहारमध्ये वेळ दुपारची होती. खेड्यातले लोक रानात होते म्हणून बरेच वाचले. पण वाचलेल्यांच्या पुढे जे वाढून ठेवलं होतं, ते काही कमी नव्हतं.

जमिनीनेच वाळू ओकली

उत्तर बिहारची जमीन म्हणजे नद्यांनी आणून टाकलेला गाळ. वर सुपीक माती, खाली ओली वाळू. एवढा मोठा हादरा बसल्यावर ती ओली वाळू पाण्यासारखी वागायला लागली. जमिनीला भेगा पडल्या आणि त्या भेगांतून पाण्याची आणि वाळूची कारंजी उडाली. उभ्या पिकात वाळूचे थर बसले. विहिरी तळापासून वाळूने भरून आल्या. शेकडो मैलांच्या पट्ट्यात घरं नुसती पडली नाहीत, तर तिरकी होऊन जमिनीत रुतली.

शेतकऱ्याला यातलं दुःख सांगायला नको. घर पडलं तर झाडाखाली राहता येतं. विहीर गेली तर जनावर आणि माणूस दोन्ही तहानेने जातात. आणि रानावर वाळू बसली तर पुढच्या वर्षीचं काय, हा प्रश्न उभा राहतो.

त्या दिवशी राजेंद्रबाबू कैदी होते

राजेंद्रबाबूंचा जन्म ३ डिसेंबर १८८४ चा. गाव जिरादेई, तेव्हाचा सारण जिल्हा, आताचा सिवान. घरची जमीनदारी होती. सुरुवातीचं शिक्षण मौलवींकडे फारसीत झालं. तेव्हाच्या चालीप्रमाणे बाराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं. पोरगा हुशार असा की १९०२ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पहिला आला. पुढे वकिली केली, आधी कलकत्त्याला, मग पाटण्याला. चांगली चालली होती.

१९१७ ला गांधीजी चंपारणला नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यासाठी आले आणि राजेंद्रबाबूंची वाट बदलली. तिथे या वकिलांचं काम काय होतं? भाषण नाही. एकेका शेतकऱ्याला समोर बसवायचं, त्याची जबानी लिहून घ्यायची, उलटसुलट विचारून खरी-खोटी पारखायची. अशा हजारो जबान्या लिहिल्या गेल्या. नुकसान झालेल्या माणसाचं ऐकायचं कसं आणि कागदावर उतरवायचं कसं, याचं शिक्षण त्यांना तिथे मिळालं. त्याच्याही आधी, १९१४ च्या पुरात ते मदतीला गेले होते. म्हणजे १९३४ ला अंगावर पडलेलं काम अगदीच नवखं नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा त्यांचं वय ४९. कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेली. दम्याने आधीच बेजार, त्यात तब्येत बिघडल्याने पाटण्याच्या दवाखान्यात कैदी म्हणूनच ठेवलेले. दोन दिवसांनी, १७ जानेवारीला, सरकारने त्यांना सोडलं. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन महिनाभर पडून राहिला असता, आणि त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. राजेंद्रबाबू थेट कामाला लागले.

मदत पोचवायची कशी?

पाटणा गंगेच्या दक्षिणेला, आणि जास्त नुकसान गंगेच्या पलीकडे. तेव्हा पाटण्याला गंगेवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर आगबोट. रेल्वेचे रूळ वाकडे झालेले, तारा तुटलेल्या. कोणत्या गावात किती मेले, कुठे पाणी नाही, हेच कळायला दिवस लागले.

पाटण्यात बिहार सेंट्रल रिलीफ कमिटी उभी राहिली. अध्यक्ष राजेंद्रबाबू. चंपारणपासूनचे साथी अनुग्रह नारायण सिंह बरोबर होते. देशभरातून माणसं आणि पैसे यायला लागले. जवाहरलाल नेहरू आले, मुंगेरला स्वतः फावडं हातात घेऊन ढिगारा उपसायला उभे राहिले. वर्ध्याचे जमनालाल बजाज आले. समितीकडे पंचवीस लाखांच्या वर रक्कम जमा झाली. १९३४ चे पंचवीस लाख, हे ध्यानात घ्या. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी आण्यांत मोजत.

कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिले काही दिवस अन्न, कपडे, घोंगड्या, औषध. जानेवारीची थंडी, आणि लोक उघड्यावर. त्यानंतर लगेच पाणी. वाळूने भरलेल्या विहिरी उपसायच्या, जिथे उपसून भागत नाही तिथे नव्या खोदायच्या. घराचं बांधकाम त्यानंतर, तोवर झोपड्या.

मग आला उसाचा प्रश्न. उत्तर बिहार उसाचा मुलूख. भूकंप झाला ऐन हंगामात. साखर कारखाने पडले किंवा बंद झाले, ऊस रानात उभा. आपल्याकडे कारखान्याने तोड पंधरा दिवस लांबवली तरी जीव वरखाली होतो. इथे तर कारखानाच नाही. तेव्हा बैलांवर चालणारे चरक गावोगाव पुरवून उसाचा गूळ करण्याची वाट काढण्यात आली. सरकारनेही यात हात घातला. आयतं धान्य देण्यापेक्षा शेतकऱ्याचं उभं पीक वाचवणं ही मोठी मदत, हे यातून दिसतं.

ज्यांनी तुरुंगात टाकलं, त्यांच्याबरोबर काम

अवघड गोष्ट वेगळीच होती. मदतीचं काम सरकारही करत होतं, व्हाइसरॉयचा वेगळा फंड होता. आणि समितीत बसलेले बहुतेक लोक याच सरकारच्या तुरुंगातून बाहेर आलेले. नेहरूंनी तर सरकारच्या ढिलाईवर उघड टीका केली, आणि दुसऱ्या भाषणांचं निमित्त होऊन फेब्रुवारीत ते परत तुरुंगात गेले. मग सरकारशी बोलायचं का नाही? एकाच गावात दोघांनी मदत द्यायची आणि शेजारच्या गावात कुणीच नाही, असं व्हायला वेळ लागत नाही.

मार्चमध्ये गांधीजी बिहारला आले. पाटण्याच्या बैठकीत त्यांनीच ठराव मांडला की या कामापुरतं सरकारला सहकार्य द्यायचं. राजेंद्रबाबूंनी तो मनापासून पाळला. स्वराज्याचं भांडण त्यांनी सोडलं नाही, फक्त ते विहिरीच्या काठावर आणलं नाही. गांधीजींनी गावोगाव दोन गोष्टी सांगितल्या. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने फुकट न घेता काम करून मदत घ्यावी, आणि मदतीत स्पृश्य-अस्पृश्य असा भेद ठेवू नये.

तीन आणे रोज

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंचवीस लाखांच्या वर पैसा, हजारो कार्यकर्ते, शेकडो गावं. असल्या कामात पैसा कुठे गळतो हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. दुष्काळ असो, गारपीट असो, यादीत कुणाचं नाव लागतं आणि कुणाचं राहतं, हे प्रत्येक गावाला पाठ आहे.

हिशेबासाठी समितीला जे. सी. कुमारप्पा मिळाले. हे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ, विलायतेत शिकलेले हिशेबनीस, गांधीजींच्या विचाराने खादीत आलेले. त्यांनी नियम घातला की स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, त्याच्या वर नाही. पावती नाही तर पैसा नाही. मोटार आणि पेट्रोल फक्त कामाला. गांधीजी आपल्या माणसांसह आले तेव्हा त्यांच्या खर्चालाही हीच फूटपट्टी लागली, जास्तीचा खर्च मदत फंडातून होणार नाही म्हणून कुमारप्पांनी कळवलं. आणि गांधीजींनी ते मानलं.

कुमारप्पा कडक होते, हे खरं. पण कडक हिशेबनीस टिकतो कधी? वरचा माणूस त्याच्या पाठीशी उभा राहिला तर. नाहीतर पुढाऱ्याचा एक निरोप येतो आणि हिशेबनीस घरी जातो. राजेंद्रबाबू पाठीशी उभे राहिले. समितीने कामाचा अहवाल छापून जमा-खर्च लोकांपुढे ठेवला. लोक पैसे देत राहिले ते या भरवशावर.

स्वतःचं घर मात्र कर्जात

त्याच वर्षी राजेंद्रबाबूंचे थोरले भाऊ महेंद्र प्रसाद वारले. राजेंद्रबाबूंनी वकिली सोडून देशाला वाहून घेतलं ते या भावाच्या जिवावर. घर, शेती, व्यवहार सगळं तेच बघायचे. ते गेल्यावर कागद उघडले तेव्हा कळलं की घरावर मोठं कर्ज आहे.

जरा विचार करा. एका हातात लोकांचे लाखो रुपये, दुसऱ्या हातात सावकारांचे कागद. इकडचा पैसा तिकडे एक दिवसासाठीही गेला नाही. कर्जाचा गुंता सोडवायला जमनालाल बजाज पुढे आले, आणि घरच्या जमिनीचा मोठा भाग देऊन देणी भागवावी लागली. ज्याची पिढीजात जमीन कर्जापायी गेली त्याला काय वाटतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

काम तरी थांबलं नाही. पावसाळा आला तशी वेगळी धास्ती. नद्यांची पात्रं वाळूने उथळ झालेली, जमीन कुठे खचलेली, कुठे वर आलेली. नेहमीच्या पावसालाही पूर येणार हे दिसत होतं, आणि आलाही. भूकंपाची मदत पुरी व्हायच्या आत पुराची मदत सुरू झाली.

पुनर्वसनाला स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल आणि त्यांचे काही सोबतीही आले. हे शांततावादी लोक. मुजफ्फरपूर जिल्ह्यात पुराच्या पाण्यात जाणारी गावं उंचवट्यावर नव्याने वसवायला त्यांनी गावकऱ्यांबरोबर स्वतः माती उचलली. त्यातल्या एका नव्या गावाचं नाव शांतिपूर. हे काम १९३७ पर्यंत चाललं. म्हणजे घर बांधून देणं ही चार महिन्यांची गोष्ट नसते. आपल्याकडे ५२ गावं नव्याने वसवताना किती वर्षं गेली हे आठवून बघा.

मुंबईचं अध्यक्षपद आणि पुढे

ऑक्टोबर १९३४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन मुंबईला भरलं. अध्यक्ष कोण, तर राजेंद्रबाबू. बिहारबाहेरच्या साध्या माणसाला त्यांचं नाव कळलं होतं ते भूकंपाच्या कामातून.

पुढच्याच वर्षी, ३१ मे १९३५ ला क्वेट्ट्याला भूकंप झाला. सरकारने त्यांना तिकडे जाऊ दिलं नाही. मग त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती करून, सिंध आणि पंजाबमध्ये येऊन पडलेल्या भूकंपग्रस्तांना मदत पोचवली गेली. दार बंद झालं तर खिडकीतून का होईना, पण काम करायचं, असा हा स्वभाव.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. १९४६ ला अन्नखातं, त्याच वर्षी घटना समितीचं अध्यक्षपद, २६ जानेवारी १९५० ला राष्ट्रपतिपद. १९६२ मध्ये पायउतार झाले, त्याच वर्षी भारतरत्न. दिल्ली सोडून ते परत पाटण्याच्या सदाकत आश्रमात राहायला गेले. २८ फेब्रुवारी १९६३ ला तिथेच गेले.

भूकंपाच्या कामातले सगळे हात काही त्यांचे नव्हते. विहिरी गावकऱ्यांनीच उपसल्या, ढिगारे कार्यकर्त्यांनी काढले, हिशेब कुमारप्पांनी ठेवला. राजेंद्रबाबूंनी केलं ते असं: आधी काय आणि नंतर काय ते ठरवलं, भांडणं बाजूला ठेवायला लावली, आणि लोकांच्या पैशाला कुणाचाही हात लागू दिला नाही, स्वतःचं घर बुडत असतानाही.

आपल्या गावात पुढच्या वेळी मदत येईल, तेव्हा आपणही तीन गोष्टी विचारू शकतो. पाण्याची सोय आधी झाली का? उभं पीक वाचवायचं कुणी बघतंय का? आणि यादी अन् हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला का? नव्वद वर्षांपूर्वी, मोबाईल नसताना, पूल नसताना, परक्याचं राज्य असताना बिहारमध्ये हे जमलं होतं.