कॅलेंडरातून घराघरांत पोहोचलेले चित्रकार : एस. एम. पंडित

कलबुर्गीतले डॉ. एस. एम. पंडित रंगमंदिर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. नाटक, गाणे, शाळेचे स्नेहसंमेलन अशा निमित्ताने आपण तिथे जातो. पण ज्यांचे नाव या वास्तूला दिले आहे ते पंडित कोण, असे मुलांनी विचारले तर उत्तर देता यायला हवे.

संबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म १९१६ साली गुलबर्ग्यात झाला. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. चित्रकलेचे शिक्षण घेण्यासाठी ते आधी मद्रासला आणि मग मुंबईला गेले. सर जे. जे. कलाशाळेत त्यांचा हात पक्का झाला.

१९३८ साली मुंबईत धोबीतलावाजवळ मेट्रो हे चित्रपटगृह सुरू झाले. ते मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीचे होते. तिथे लागणाऱ्या इंग्रजी चित्रपटांची शो-कार्डे पंडितांनी रंगवली. चेहऱ्यावर एका बाजूने पडणारा उजेड, चमकते डोळे, भरदार देह ही अमेरिकन जाहिरातीची रीत त्यांनी या कामातून आत्मसात केली. पुढे बाबुराव पटेल यांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठे त्यांच्या कुंचल्यातून उतरली. गोव्याचे रघुवीर मुळगावकर या कामात त्यांच्या बरोबर होते. दिवाळी अंकांवरची मुळगावकरांची चित्रे आपल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतात.

पण पंडितांचे नाव खऱ्या अर्थाने घराघरांत गेले ते कॅलेंडरांमुळे. पार्लेसारख्या कंपन्यांच्या कॅलेंडरांसाठी त्यांनी पुराणातले प्रसंग रंगवले. राधा-कृष्ण, नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका ही पात्रे त्यांच्या चित्रांत रक्तामांसाची वाटू लागली. तैलरंगांइतकेच अपारदर्शक जलरंगांवर त्यांचे प्रभुत्व होते. हे रंग लवकर वाळतात, त्यांना तेलकट चमक नसते आणि छपाईत ते चांगले उतरतात.

कलादालनात जाण्याची ज्यांना कधी सवड मिळाली नाही, त्यांनी ही चित्रे किराणा दुकानात, केशकर्तनालयात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाहिली. वर्ष सरले की तारखांचा कागद फाडून टाकायचा आणि देवाचे चित्र मात्र काच लावून देवघरात ठेवायचे, ही पद्धत आपल्याकडे कित्येक घरांत होती. पंडितांचे खरे प्रदर्शन हेच होते. त्याला तिकीट नव्हते, उद्घाटन नव्हते, आणि बहुतेक वेळा पाहणाऱ्याला चित्रकाराचे नावही ठाऊक नसे.

मुंबईत नाव आणि काम दोन्ही भरपूर असताना, साठच्या दशकात पंडित गुलबर्ग्याला परतले आणि इथेच रंगवत राहिले. १९७८ साली लंडनमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. मुंबईच्या जहांगीर कलादालनात ते झाले १९९१ साली, म्हणजे पंचाहत्तरीत. बाजारासाठी काढलेली चित्रे म्हणून कलाजगताने त्यांना फार काळ बाजूला ठेवले होते. आता अभ्यासक छापील देवचित्रांकडे विसाव्या शतकातल्या भारताचा इतिहास म्हणून पाहतात आणि त्यात पंडितांचे नाव आवर्जून येते. १९९३ साली त्यांचे निधन झाले.

कुटुंबीयांनी जपलेली त्यांची मूळ चित्रे कलबुर्गीत आहेत. छापील प्रतींचे मात्र तसे नाही. घर बदलताना, रंगकाम काढताना जुन्या तसबिरी रद्दीत जातात. म्हणून सभासदांना एकच विनंती. या दिवाळीच्या साफसफाईत देवघरातल्या, माळ्यावरच्या जुन्या चित्रांचा खालचा कोपरा एकदा नीट पाहा. तिथे पंडितांची सही सापडली तर ते चित्र टाकू नका. ओल लागणार नाही अशा जागी ठेवा आणि मुलांना सांगा, की ज्यांच्या नावाच्या रंगमंदिरात तुम्ही नाचलात, गायलात, त्यांनीच हे काढले आहे.