कमलाबाई सोहोनी

औषध म्हटले की आपल्याला गोळ्या, बाटल्या आणि सुई आठवते. पण लहान मुलांचे काही आजार जंतूंमुळे नव्हे, तर सकस अन्न न मिळाल्यामुळे होतात. मूल अशक्त होते, त्याची वाढ खुंटते आणि साधा तापही त्याला जड जातो. यालाच कुपोषण म्हणतात. त्यावर आपल्याच मातीतले उपाय शोधणाऱ्या आणि त्यासाठी तरुण संशोधक घडवणाऱ्या एका शास्त्रज्ञ महिलेची ही ओळख आहे.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकले होते. आपणही तेथेच संशोधन करावे, अशी कमलाबाईंची इच्छा होती.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला. पण तो नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. मुलींना संशोधनासाठी घेण्याची त्यांची तयारी नव्हती. गुण कमी नव्हते, पात्रता कमी नव्हती. केवळ मुलगी म्हणून दार बंद झाले होते.

कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यापुढे सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम पसंत पडले तरच पुढचा विचार होणार होता. शिवाय, त्यांच्यामुळे इतर संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही अट होती. ही अट मनाला लागणारी होती. तरीही ती त्यांनी मान्य केली.

तेथे त्यांना श्रीनिवासय्या हे चांगले गुरू लाभले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले. त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. एकीने सोसले, त्याचा लाभ अनेकींना झाला.

पुढे कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनाला मदत करणारे द्रव्य सापडले. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. टिटवाळ्याहून लोकलने मुंबईला गेलात, तर फोर्ट भागात ही संस्था आजही पाहता येईल.

येथे त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन संशोधन सुरू केले. विषय निवडले ते गरिबांच्या ताटातले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये असतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेने अभ्यासले. उष्णतेने या द्रव्यांचा जोर कमी होतो. घरी डाळ आणि कडधान्ये नीट शिजवतात, त्यामागे असे शास्त्र आहे.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताड, शिंदी अशा झाडांचा गोड रस. पहाटे उतरवलेली ताजी नीरा मादक नसते. ती आंबली की तिची ताडी होते. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे दिसून आले. आदिवासी समाजातील कुपोषित मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना नीरा दिली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारली. या कार्याबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत मार्गदर्शन केले.

पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. ज्या मुलीला एका संस्थेने दारात अडवले होते, तीच आता दुसऱ्या संस्थेची प्रमुख होती. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, बंगळूरचे ते दार बंदच राहिले असते तर नुकसान एकट्या कमलाबाईंचे झाले नसते. त्यांच्या हाताखाली शिकलेले विद्यार्थी आणि बरी झालेली मुले, सर्वांचेच झाले असते. म्हणून शिकू पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला अडवू नये. आणि आपण स्वतः शिकलो, की दुसऱ्याला शिकवावे.

स्वाध्याय
१. कमलाबाईंचा अर्ज का नाकारला गेला?
२. त्यांना कोणत्या अटींवर प्रवेश मिळाला?
३. नीरा आणि ताडी यांत काय फरक आहे?
४. तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या मुलीचे शिक्षण थांबणार असेल, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्ये लिहा.